राउटिंगनंतर चिपची पॉवर वाढते आणि दुरुस्ती केली की आणखी वाढते: शेजारच्या तारांचा हिशोब कुठे बघायचा

तक्रार साधारण अशी असते. सिंथेसिसनंतर (कोडचं गेटमध्ये रूपांतर झाल्यावर) पॉवरचा आकडा बजेटमध्ये बसतो. राउटिंग होतं, म्हणजे चिपवरच्या तारा प्रत्यक्ष आखल्या जातात, त्या लेआउटमधून तारांचा कपॅसिटन्स काढला (एक्स्ट्रॅक्ट केला) जातो आणि आकडा वर जातो. क्रॉसटॉकमुळे, म्हणजे शेजारची तार हलल्याच्या परिणामामुळे, काही पाथ टायमिंगमध्ये बसत नाहीत, म्हणून टूल त्या तारांचे ड्रायव्हर (तार हलवणारे गेट) मोठे करतं, मध्ये बफर घालतं, काही सेल कमी थ्रेशोल्डच्या (जलद, पण जास्त लीकेजच्या) करतं. टायमिंग सुटतं, पॉवर चढते. मोठ्या ड्रायव्हरची एज (सिग्नलची चढण-उतरण) तीव्र असल्यामुळे आता त्यांच्या शेजारच्या तारा त्रासात येतात. पुढच्या फेरीत त्यांचे ड्रायव्हर मोठे होतात. दोन-तीन फेऱ्यांनी टायमिंगचा रिपोर्ट स्वच्छ दिसतो आणि पॉवर बजेटच्या बाहेर गेलेली असते.

हा प्रश्न प्रत्येक डिझाइनमध्ये परत येतो, कारण दुरुस्तीच चुकीच्या जागी होते. दोन तारांमधल्या कपॅसिटन्समध्ये (यालाच कपलिंग म्हणतात) जी ऊर्जा जाते ती ड्रायव्हर छोटा की मोठा यावर अवलंबून नसते. ती तीन गोष्टींवर ठरते: तारांमधलं अंतर, तारा किती वेळा बदलतात, आणि शेजारी शेजारी एकाच दिशेने बदलतात की उलट दिशेने. शिवाय व्होल्टेजचा वर्ग, पण तो बहुतेकदा आपल्या हातात नसतो. ड्रायव्हर या यादीत कुठेच नाही. तरीही सगळ्यात आधी हात जातो तो ड्रायव्हरकडेच.

उदाहरणासाठी मी स्काय१३० घेतो. स्कायवॉटर आणि गुगलने २०२० मध्ये खुली केलेली ही १३० नॅनोमीटरची प्रक्रिया कोणालाही डाउनलोड करून पाहता येते, त्यामुळे पुढचे आकडे तुम्हाला तुमच्या मशीनवर तपासता येतील. नोड (प्रक्रियेची पिढी) जुना आहे, पण इथे सांगितलेलं तर्कशास्त्र नव्या नोडलाही तसंच लागू पडतं.

आधी खात्री करा की दोष कपलिंगचाच आहे

पॉवर रिपोर्टमधला एकूण आकडा बाजूला ठेवा आणि त्याचे भाग बघा. राउटिंगच्या आधीचा रिपोर्ट आणि नंतरचा रिपोर्ट शेजारी ठेवून विचारा की नेमका कुठला भाग वाढला.

नेट (गेटांना जोडणारी तार) स्विचिंग पॉवर वाढली असेल तर तारांचा कपॅसिटन्स वाढलाय. सेलची इंटर्नल पॉवर वाढली असेल तर मुख्य शक्यता दोन आहेत: सेल मोठे झालेत किंवा बफर वाढलेत, किंवा त्यांच्या इनपुटवर येणारी एज मंद झाली आहे. एज मंद असली की इन्व्हर्टरचे वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर जास्त वेळ एकत्र चालू राहतात आणि सप्लायमधून थेट ग्राउंडला करंट वाहतो. लायब्ररीमध्ये हा शॉर्ट-सर्किट करंट इंटर्नल पॉवरमध्येच मोजलेला असतो, म्हणून तो वेगळा दिसत नाही. लीकेज वाढलं असेल तर तारेचा त्यात काही संबंध नाही. कुठल्या तरी फेरीत सेल कमी थ्रेशोल्डच्या किंवा मोठ्या झाल्या आहेत, किंवा बफर वाढलेत, एवढाच त्याचा अर्थ.

मग एक साधा प्रयोग करा. तीच नेटलिस्ट (गेट आणि जोडण्यांची यादी), तीच अ‍ॅक्टिव्हिटी, पण एकदा पूर्ण एक्स्ट्रॅक्शन घेऊन आणि एकदा कपलिंगचा कपॅसिटन्स शून्य धरून पॉवर काढा. ओपनरोड या खुल्या लेआउट टूलमध्ये एक्स्ट्रॅक्शननंतर कपलिंग वेगळं लिहिलेली एसपीईएफ फाइल (तारांच्या रेझिस्टन्स-कपॅसिटन्सची) मिळते. ती वाचताना कपलिंगला किती गुणक लावायचा हे टायमिंग टूलला सांगता येतं. गुणक १ आणि गुणक ० अशा दोन धावांमधला फरक म्हणजे कपलिंगचा सरळ वाटा. हा फरक किरकोळ निघाला आणि तरीही पॉवर वाढलेली असेल, तर ही पोस्ट इथेच सोडा आणि क्लॉक ट्री बघा.

ऊर्जा नेमकी कुठे जाते

हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण पुढचे सगळे उपाय याच हिशोबावर उभे आहेत. अभ्यासक्रमात क्रॉसटॉक शिकवताना सगळा भर डिलेवर असतो. मधली तार एका बाजूला आणि दोन्ही शेजारी उलट बाजूला गेले, तर मधल्या तारेला स्वतःच्या ग्राउंड कपॅसिटन्सच्या १ + ४λ पट ओझं ओढावं लागतं, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. इथे λ म्हणजे कपलिंग भागिले ग्राउंड कपॅसिटन्स. पॉवरचा हिशोब मात्र वेगळा निघतो आणि तो फार कमी ठिकाणी नीट मांडलेला दिसतो.

दोन शेजारी तारा घ्या, अ आणि ब. त्यांच्यातला कपॅसिटन्स सी, सप्लाय व्ही. अ बदलली आणि ब शांत राहिली, तर कपॅसिटरवरचं व्होल्टेज व्ही एवढं बदलतं आणि ½ × सी × व्ही² इतकी ऊर्जा उष्णता होऊन जाते. दोघी एकाच दिशेने एकाच वेळी बदलल्या तर कपॅसिटरवरचं व्होल्टेज हलतच नाही, म्हणजे खर्च शून्य. दोघी उलट दिशेने गेल्या तर व्होल्टेज उणे व्हीवरून अधिक व्हीपर्यंत जातं, म्हणजे दुप्पट हलतं, आणि दुपटीचा वर्ग चार. खर्च २ × सी × व्ही². एक तार हलण्याच्या चौपट.

आता आकडे घालून बघू. स्काय१३० मध्ये मेट-३ ची (तारांच्या तिसऱ्या धातूच्या थराची) जाडी सुमारे ०.८४५ मायक्रॉन आहे, तारेची किमान रुंदी ०.३० मायक्रॉन आणि स्टँडर्ड सेलबरोबर वापरला जाणारा ट्रॅक (एका तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंत) ०.६८ मायक्रॉनचा. म्हणजे दोन तारांमध्ये ०.३८ मायक्रॉनची फट. तार रुंदीपेक्षा जवळजवळ तिप्पट उंच आहे. तारा जमिनीवर सपाट पसरलेल्या नसून भिंतींसारख्या उभ्या आहेत, त्यामुळे वर-खाली असलेल्या थरांपेक्षा शेजारच्या तारेशीच त्यांचं नातं जास्त घट्ट. रेझिस्टन्स आटोक्यात ठेवण्यासाठी तारा उंच ठेवाव्या लागतात. नव्या नोड्समध्येही हेच कारण आहे. मध्ये ऑक्साइड धरून नुसत्या समोरासमोरच्या भिंतींचा हिशोब केला तरी एका बाजूला मिलिमीटरमागे सुमारे ७७ फेम्टोफॅरड येतात. म्हणजे १.३ मिलिमीटर शेजारी शेजारी धावलेल्या दोन तारांमध्ये ०.१ पिकोफॅरड.

३२ बिटची बस अशी धावते आहे असं धरा. ग्राउंडचा वाटाही सोयीसाठी तारेमागे ०.१ पिकोफॅरड धरू. सप्लाय १.८ व्होल्ट, वर्ग ३.२४. बसवर प्रत्येक क्लॉकला ०१०१... चं १०१०... होत असेल, तर ३१ जोड्या, प्रत्येकीचा खर्च ०.६४८ पिकोज्यूल, एकूण सुमारे २० पिकोज्यूल. १०० मेगाहर्ट्झला हे झाले २ मिलिवॅट. ग्राउंडच्या कपॅसिटन्सवर त्याच वेळी जातात फक्त ०.५२ मिलिवॅट. आता त्याच बसवर सगळे बिट एकत्र ०००० वरून ११११ आणि परत असे हलू द्या. टॉगल (बदल) तेवढेच, पण कपलिंगचा खर्च शून्य. बस तीच, टॉगलची संख्या तीच, तरी २ मिलिवॅटचा फरक.

यातून एक सूत्र निघतं. जोडीचा सरासरी खर्च हा अ चे टॉगल अधिक ब चे टॉगल, वजा दोघी एकत्र एका दिशेने हलण्याचा वाटा, अधिक उलट हलण्याचा वाटा असा ठरतो. दोघींचा डेटा एकमेकींशी असंबद्ध असेल तर शेवटचे दोन वाटे एकमेकांना छेदतात आणि फक्त टॉगलची बेरीज उरते. हे लक्षात ठेवा, कारण काही लोकप्रिय उपाय नेमके इथेच फसतात.

टूल तुम्हाला हे दाखवत नाही

गेट लेव्हलची पॉवर काढताना सहसा कपलिंग कपॅसिटर सरळ ग्राउंडला जोडलेला धरतात, म्हणजे गुणक १. अ‍ॅक्टिव्हिटी सरासरीच्या फाइलमधून आली असेल, तर त्यात प्रत्येक नेटने किती वेळा बदल केला एवढंच असतं. शेजारची नेट त्याच क्षणी कुठल्या दिशेने गेली याची नोंद त्यात नसते. डेटा असंबद्ध असेल तर हा आकडा बरोबरच येतो. पण काउंटर, अ‍ॅड्रेस, चिन्ह असलेले सॅम्पल, एकमेकांच्या उलट असलेले कंट्रोल सिग्नल, अशा ठिकाणी डेटा असंबद्ध नसतो आणि रिपोर्ट कधी कमी, कधी जास्त सांगतो.

म्हणून संशयित बससाठी स्वतः मोजा. खऱ्या कामाच्या सिम्युलेशनची व्हीसीडी फाइल (कुठला सिग्नल कधी बदलला याची नोंद) घ्या, एसपीईएफमधून त्या बसच्या जोड्यांचे कपलिंग आकडे घ्या, आणि प्रत्येक क्लॉकला प्रत्येक जोडीसाठी दोघींच्या बदलातला फरक काढून त्याचा वर्ग बेरजेत घाला. पायथनमध्ये हे पानभराच्या आत होतं. सगळ्या चिपसाठी करू नका. ज्या तारा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त शेजारी धावतात त्यांची यादी करा आणि कपलिंग गुणिले टॉगल या क्रमाने लावा. खर्चाचा मोठा भाग बहुधा वरच्या थोड्याच नेटमध्ये सापडेल, आणि त्यात क्लॉक असतीलच. क्लॉक प्रत्येक चक्रात दोनदा हलतो, त्याच्या शेजारी कोणीही असलं तरी किंमत पडतेच.

फट ठेवा, शील्ड नंतर

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. क्रॉसटॉक म्हटलं की शील्ड आठवतं: दोन सिग्नलच्या मध्ये ग्राउंडची तार. नॉइजसाठी आणि डिलेसाठी ते उत्तम आहे, कारण गुणक ० ते २ मध्ये हेलकावत नाही, १ वर स्थिर होतो. पण पॉवरच्या दृष्टीने बघा. शील्ड ही किमान अंतरावर बसलेली एक शांत शेजारीण आहे. सिग्नल दर वेळी हलला की तिच्यातही ½ × सी × व्ही² जातातच. असंबद्ध डेटाच्या बसमध्ये शील्ड घालून ऊर्जा वाचत नाही. उलट जे बिट एकत्र हलत होते आणि एकमेकांना फुकट साथ देत होते, त्यांच्यामध्ये शील्ड घातली तर खर्च वाढतो.

तोच ट्रॅक रिकामा ठेवला तर गोष्ट बदलते. मेट-३ वर एक ट्रॅक सोडला की फट ०.३८ वरून १.०६ मायक्रॉन होते आणि भिंतीसमोरच्या भिंतीचा कपॅसिटन्स मूळच्या ३६ टक्क्यांवर येतो. कडांवरून वळसा घेणाऱ्या फील्डमुळे प्रत्यक्षात इतका फायदा मिळत नाही आणि तारेचं वरच्या-खालच्या थरांशी असलेलं नातं थोडं वाढतं, तरीही दुसरा कुठलाही उपाय एवढ्या कमी कष्टात एवढं देत नाही. जागा तेवढीच गेली, ट्रॅक एकच गेला. शील्डने तो ट्रॅक नॉइजसाठी वापरला, रिकाम्या फटीने पॉवरसाठी. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी फट, आणि नॉइज तरीही उरला तरच शील्ड. क्लॉकसाठी दुप्पट अंतराचा राउटिंग नियम लावणं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं.

राउटरला हे सांगताना सगळ्या चिपला नियम लावू नका. सगळीकडे दुप्पट अंतर मागितलं की ट्रॅक संपतात, तारा वळसे घेतात, लांबी वाढते आणि वाचवलेलं सगळं परत जातं. वर काढलेल्या यादीतल्या वरच्या नेटना आणि क्लॉकला नियम, बाकीच्यांना मोकळं रान.

मग फट भरली जाते

समस्या पुन्हा पुन्हा का येते याचं एक मोठं कारण इथे आहे आणि ते फार उशिरा लक्षात येतं. तुम्ही काळजीने ट्रॅक रिकामे ठेवता. शेवटी मेटल डेन्सिटीचा नियम (प्रत्येक भागात ठरावीक प्रमाणात धातू हवा) पाळण्यासाठी फिल घातलं जातं आणि तेच रिकामे ट्रॅक धातूच्या तुकड्यांनी भरतात. तरंगतं फिल दोन तारांमधलं कपलिंग परत वाढवतं. ग्राउंडला जोडलेलं फिल कपलिंग कमी करतं पण ग्राउंडचा वाटा वाढवतं. दोन्हीत पॉवर वर जाते. आणि पॉवरचा शेवटचा रिपोर्ट फिलच्या आधी काढलेला असेल तर हे कोणाला दिसतही नाही, सिलिकॉन हातात येईपर्यंत.

उपाय दोन आहेत. फिल घालताना निवडलेल्या नेटपासून ठरावीक अंतर सोडायची सूचना द्या. आणि शेवटचं एक्स्ट्रॅक्शन, शेवटचं टायमिंग, शेवटची पॉवर हे तिन्ही फिल घातलेल्या डेटाबेसवरच काढा. दुसरा उपाय कंटाळवाणा वाटतो, धावायला वेळही लागतो, पण तो टाळू नका.

थर आणि दिशा

स्काय१३० मध्ये मेट-३ आणि मेट-४ दोन्हींची जाडी सारखी, किमान रुंदी सारखी. पण मेट-३ आडवा धावतो ०.६८ मायक्रॉनच्या ट्रॅकवर आणि मेट-४ उभा धावतो ०.९२ मायक्रॉनच्या. मेट-४ वर फट ०.६२ मायक्रॉन पडते, म्हणजे तीच बस उभी धावली तर समोरासमोरचा कपॅसिटन्स आडव्या बसच्या ६१ टक्के. मोठी बस कुठल्या दिशेने जाईल हे फ्लोअरप्लॅनमध्ये (चिपच्या मांडणीत) मॅक्रो म्हणजे तयार मोठे ब्लॉक ठेवतानाच ठरतं, राउटिंगच्या वेळी नाही. मेमरी मॅक्रोच्या पिना कुठे तोंड करून आहेत एवढ्यावर इतका फरक पडू शकतो.

आणखी एक गोष्ट. मेट-२ ची जाडी ०.३६ मायक्रॉनच आहे आणि ट्रॅक ०.४६ चा, फट ०.३२ ची. जाडी भागिले फट हा आकडा मेट-२ वर १.१ येतो आणि मेट-३ वर २.२. म्हणजे पातळ मेटलवर शेजारणीशी कपलिंग निम्मं. मग सगळं मेट-२ वर का नाही? रेझिस्टन्स. मेट-२ चा शीट रेझिस्टन्स चौरसामागे ०.१२५ ओम, मेट-३ चा ०.०४७. किमान रुंदीची २ मिलिमीटरची तार मेट-२ वर सुमारे १८०० ओम होते, मेट-३ वर ३०० च्या थोडी वर. घाईची नसलेली लांब बस, स्टेटस रजिस्टर, डिबग, हळू क्लॉकवरचा कंट्रोल, हे पातळ थरावर राहू शकतं. टायमिंगमध्ये भरपूर सवलत असलेल्या नेट जाड मेटलवर चढलेल्या दिसल्या तर त्या खाली उतरवा. एजचा मंदपणा मात्र तपासून, नाहीतर इकडे वाचवलेलं तिकडे शॉर्ट-सर्किट करंटमध्ये जाईल.

तारांचा क्रम

बसमधल्या बिटांचा क्रम बदलून पॉवर वाचवा, हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो अर्धाच खरा आहे. वरचं सूत्र आठवा: असंबद्ध शेजारी असेल किंवा पूर्ण शांत शेजारी असेल, तुमच्या तारेच्या टॉगलची किंमत तीच. म्हणून दर दोन डेटा बिटांमध्ये एक शांत कॉन्फिगरेशन बिट बसवला की पॉवर कमी होईल, ही समजूत टिकत नाही. त्याने वाईटातला वाईट डिले सुधारतो, नॉइज कमी होतो, त्यामुळे ड्रायव्हर मोठे करायची वेळ येत नाही आणि त्या वाटेने थोडी पॉवर वाचते, इतकंच.

साध्या बायनरी काउंटरचं उदाहरण घ्या. जेव्हा एखादा बिट वर चढतो, तेव्हा त्याच्या खालचे सगळे बिट खाली पडतात. म्हणजे ज्या मोजणीत कॅरी पुढे जातो, त्या प्रत्येक मोजणीत नेमकी एक उलटी जोडी येते आणि बाकीच्या एकत्र पडणाऱ्या तारा एकमेकींना काहीच खर्च करायला लावत नाहीत. हिशोब केला की दर मोजणीला सरासरी १.५ × सी × व्ही² येतो. आता खालचे चपळ बिट आणि वरचे सुस्त बिट आलटून पालटून लावा. उलटी जोडी गेली, पण एकत्र पडण्याचा फायदाही गेला. सरासरी पुन्हा १.५. काहीच मिळालं नाही! तोच काउंटर ग्रे कोडमध्ये पाठवा: दर मोजणीला एकच बिट हलतो, सरासरी ०.७५, आणि ग्राउंडच्या बाजूचे टॉगलही दोनावरून एकावर. दोन्हीकडे निम्मं. फिफोचे (डेटाची रांग ठेवणाऱ्या मेमरीचे) पॉइंटर, अनुक्रमे वाचली जाणारी मेमरी, प्रोग्रॅम काउंटर, इथे क्रमापेक्षा कोड बदला.

क्रमाने खरा फायदा होतो तो तीन ठिकाणी. एक, कायम उलट हलणाऱ्या तारा: फ्लॉपचे (फ्लिप-फ्लॉपचे) दोन्ही आउटपुट, एनेबल आणि त्याचं उलट. यांना शेजारी धावू देऊ नका, किंवा एकच तार नेऊन पलीकडे इन्व्हर्टर लावा. दोन, कायम एकत्र हलणाऱ्या तारा: चिन्ह वाढवून (साइन एक्स्टेन्शनने) आलेले वरचे बिट. यांना शेजारीच ठेवा, मध्ये काही घुसू देऊ नका. त्याहून चांगलं म्हणजे चिन्हाचा बिट एकच नेणं आणि पलीकडच्या टोकाला तो वाढवणं, हे आरटीएलमध्ये (हार्डवेअरच्या मूळ कोडमध्ये) दोन ओळींचं काम आहे. तीन, सगळ्यात चपळ बिट बसच्या कडेला ठेवा आणि कडेबाहेरचा ट्रॅक मोकळा सोडा, म्हणजे त्याला एकच शेजारी उरतो.

वेळ थोडी पुढे-मागे करण्याचंही तसंच आहे. उलट हलणाऱ्या दोन तारा एकाच क्षणी न हलता एकीमागून एक हलल्या तर खर्च २ वरून १ वर येतो, पण एकत्र हलणाऱ्या दोघी तशा हलल्या तर ० वरून १ वर जातो. असंबद्ध डेटाला त्याचा उपयोग नाही. रिपीटर (लांब तारेवर मध्ये लावलेले बफर) एकमेकांच्या मध्यावर सरकवून लावण्याने डिलेची टोकं नक्की कमी होतात. सरासरी ऊर्जा मात्र तेवढीच राहते.

बस-इन्व्हर्ट आणि त्याचे भाऊबंद

मिर्चा स्टॅन आणि वेन बर्लेसन यांनी १९९५ मध्ये मांडलेली बस-इन्व्हर्ट पद्धत अजूनही पहिली आठवते, आणि योग्यच आहे. आधीच्या शब्दापेक्षा अर्ध्याहून जास्त बिट बदलणार असतील तर शब्द उलटवून पाठवा आणि एका जादा तारेने तसं कळवा. ८ बिटच्या यादृच्छिक डेटासाठी सरासरी टॉगल ४ वरून ३.२७ वर येतात, जादा तार धरून. म्हणजे सुमारे १८ टक्के. रुंद बसला एकच इन्व्हर्ट तार दिली तर फायदा घटतो, म्हणून बाइटगणिक वेगळी तार द्यावी लागते.

पण ही पद्धत टॉगल मोजते, उलट्या जोड्या मोजत नाही. चिपच्या बाहेरच्या पिनांसाठी ते ठीक होतं, तिथे प्रत्येक पिनचा ग्राउंड कपॅसिटन्सच मोठा. चिपच्या आत कपलिंगचा वाटा मोठा असल्याने सम आणि विषम तारा वेगवेगळ्या उलटवून, त्यातला सर्वांत कमी कपलिंगचा पर्याय निवडणाऱ्या पद्धती पुढे आल्या. उलटी जोडी कधीच येऊ नये असे कोडही आहेत. ३२ बिटसाठी, मागचा शब्द लक्षात न ठेवणाऱ्या अशा कोडला ४६ तारा लागतात. प्रत्येक दोन सिग्नलमध्ये शील्ड घातली तर ६३ लागतील. डिलेसाठी हा सौदा चांगला आहे. पॉवरसाठी मात्र १४ जादा ताराही हलतात आणि दोन टोकांची एन्कोडर-डिकोडर लॉजिकही जळते. काही मिलिमीटर लांब, सतत चालणारी बस नसेल तर मी कोडिंगच्या वाटेला जाणार नाही. ब्लॉकमधल्या ३०० मायक्रॉनच्या बसवर कोडिंग लावून पॉवर वाढवलेली डिझाइन पाहिली की वाईट वाटतं, कारण तिथे एक ट्रॅक रिकामा ठेवणं पुरलं असतं.

खोटे टॉगल

कपलिंगचा आणखी एक खर्च तारेवर नसून पुढच्या लॉजिकमध्ये होतो. शांत तारेचा ड्रायव्हर दुबळा असेल आणि दोन्ही शेजारी जोरात हलले, तर तिच्यावर उसळी येते. ड्रायव्हर धरूनच ठेवत नाही असं मानलं तर उसळीची कमाल मर्यादा कपलिंग भागिले एकूण कपॅसिटन्स इतकी. λ १ असेल आणि दोन्ही शेजारी एकत्र हलले तर सप्लायच्या दोन तृतीयांश. प्रत्यक्षात ड्रायव्हर ती दाबतो, पण लांब तारेच्या पलीकडच्या टोकाला त्याचा जोर कमी पोचतो. पुढचा गेट उलटला तर त्याच्यामागे अ‍ॅडर, मल्टिप्लायर, जे काही असेल ते सगळं एकदा उगाच हलतं.

हे ओळखायचं असेल तर डिलेसह केलेल्या गेट लेव्हल सिम्युलेशनमधले टॉगल आणि शून्य डिलेच्या सिम्युलेशनमधले टॉगल नेटगणिक ताडून पाहा. फरक म्हणजे ग्लिच, उगाच झालेले टॉगल. त्यातले सगळे क्रॉसटॉकचे नसतात, बरेचसे पाथच्या असमान लांबीचे असतात. क्रॉसटॉकमुळे काही बिट उशिरा पोचले की ती असमानताही वाढते. नॉइज रिपोर्टमध्ये ज्या नेट वर आहेत आणि ग्लिचच्या यादीतही ज्यांच्या पुढचं लॉजिक वर आहे, त्या तुमच्या. तिथे, आणि फक्त तिथे, ड्रायव्हर एक पायरी वाढवणं मला मान्य आहे. लांब बस मोठ्या मल्टिप्लायरमध्ये शिरण्याआधी फ्लॉपवर पकडली तर तेही लागत नाही.

फेरी कशी थांबवायची

राउटिंगनंतरच्या दुरुस्तीत टूलला पूर्ण मुभा देऊ नका. आधीच्या फेरीतली नेटलिस्ट आणि आत्ताची नेटलिस्ट यांची तुलना करून किती सेल मोठ्या झाल्या, किती कमी थ्रेशोल्डच्या झाल्या याची यादी काढा. प्रत्येक मोठ्या झालेल्या सेलच्या आउटपुट नेटसाठी बघा: एकूण कपॅसिटन्समध्ये कपलिंगचा वाटा निम्म्याहून जास्त आहे का? असेल तर ती सेल मूळ आकारावर परत न्या आणि नेटला दुप्पट अंतराचा नियम देऊन फक्त तेवढ्या नेट पुन्हा राउट करा. बहुतेक ठिकाणी टायमिंग तसंच सुटेल, कारण डिले वाढवणारी गोष्टच कमी झाली. ज्या नेटभोवती खरंच जागा नाही त्या दुसऱ्या थरावर न्या. त्यानंतरही उरतील त्यांना शील्ड, आणि अगदी शेवटी मोठा ड्रायव्हर.

सप्लाय उतरवता येत असेल तर अर्थातच सगळ्यावर मात होते: १.८ वरून १.६ व्होल्टवर आलं की कपलिंगसह सगळी डायनॅमिक पॉवर २१ टक्क्यांनी उतरते. पण त्यासाठी टायमिंगमध्ये जागा लागते, आणि ती जागा मोठ्या ड्रायव्हरने नाही तर फटीने मिळवलेली असेल तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

शेवटच्या फेरीत फिल घातलेला डेटाबेस घ्या, त्यावर एक्स्ट्रॅक्शन करा, कपलिंग गुणक १ आणि ० अशा दोन पॉवर धावा परत करा, आणि पहिल्या दिवशी काढलेल्या वरच्या नेटच्या यादीतल्या प्रत्येकीचा नवा आकडा जुन्याशेजारी लिहा. ज्या नेटचा आकडा उतरला नाही तिथे फिल घुसलंय का, की राउटरने अंतराचा नियम मध्येच सोडून दिलाय, हे लेआउट उघडून डोळ्यांनी बघा.